पुलाखाली उतरणारे सेक्रेटरी

१९६१ सालच्या मे महिन्यात शहादा तालुक्यातल्या एका तापीकाठच्या गावात जमीन बचाव मंडळीच्या सेक्रेटरींनी भरसभेत आपल्या दिवंगत वडिलांना नापास केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वडिलांनी घातलेला बांध पाच ठिकाणी फोडायची लेखी परवानगी दिली. सभेला मी हजर होतो. परवानगीचा कागद माझ्या अक्षरात आहे, खालची सही त्यांची आहे.

मी तेव्हा धुळ्याच्या एका साप्ताहिकाचा शहाद्याचा बातमीदार होतो. नंदुरबार जिल्हा वेगळा व्हायला अजून बराच काळ होता. कचेऱ्या धुळ्याला होत्या, त्यामुळे अर्जही तिकडेच जात आणि बातम्याही. बातम्या रोज घडत नसत; उरलेल्या वेळात मी लोकांना इंग्रजी पत्रं लिहून देत असे. सेक्रेटरी माझ्याकडे आले ते त्या कामासाठी. त्यांच्याविषयी पुढे पुष्कळ गोष्टी सांगितल्या गेल्या. त्यांपैकी ज्या मी स्वतः पाहिल्या, किंवा ज्यांचा कागद माझ्या हातात आला, तेवढ्याच इथे देतो. एक-दोन गोष्टी ऐकलेल्या आहेत, त्या तशा सांगेन.

गावाच्या पश्चिमेला एक घळ होती. तापीकाठची काळी माती खोल असते. पावसाचं पाणी एकदा एका वाटेने जायला लागलं की ती वाट खचते, कडा ढासळतात आणि घळीचं तोंड दर वर्षी पुढे सरकतं. या घळीचं तोंड जमनामायच्या वावरात शिरलं होतं. जमनामाय विधवा होत्या. त्यांना एकच लेक, ती निझरकडे दिलेली. वावरात एक विहीर होती आणि त्या विहिरीवर त्यांची चार केळी, मिरची-वांगी, सगळं चालत होतं. विहीर गेली तर नुसतं कोरडवाहू वावर उरणार, आणि ते एकट्या बाईला कसता येणार नव्हतं. मग बिऱ्हाड उचलून लेकीच्या सासरी जाणं आलं. जावई भला माणूस होता. त्याने तसा निरोपही पाठवला होता. जमनामायना त्या निरोपाचाच जास्त राग होता.

"लेकना घरनं पानी पेवानी लाज वाटस," त्या म्हणायच्या, "तठे ऱ्हावाले कशी जाऊ?"

दर वर्षी दसऱ्यानंतर सेक्रेटरी घळीच्या तोंडापासून विहिरीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजत. एकोणसाठ साली ते सत्तावीस पावलं भरलं. साठ साली सतरा.

मंडळीने मदतीसाठी अर्ज केला होता. कचेरीचं उत्तर आलं: पात्र तज्ज्ञाच्या सहीचा आराखडा सादर करावा, म्हणजे विचार करता येईल. तज्ज्ञ कुठून आणायचा हे उत्तरात नव्हतं. मंडळीचे पंधरा सभासद होते. चौदा जणांना शेतीची कामं होती. पंधरावे सेक्रेटरी होते.

वय पन्नाशीच्या पुढे. अंगाने किडकिडीत. गुजर शेतकऱ्याचं घरंदाज धोतर आणि त्यावर बारा महिने एक तपकिरी कोट. कोटाच्या डाव्या खिशात वही. उजव्या खिशात शाईची एक रिकामी बाटली, तिच्यात अर्ध्या उंचीपर्यंत पाणी, तोंडाला घट्ट बूच. ही बाटली जमिनीवर आडवी ठेवली की आतलं पाणी कुठे झुकतं ते पाहून ते उतार सांगत. उतार फार हलका असला तर बाटली उपयोगाची नसे. मग ते वावरात पालथे पडत, गाल मातीला लावत, एक डोळा मिटत आणि तसेच पडून राहत. नव्या माणसाला वाटे, यांना चक्कर आली. एकदा एका अनोळखी वाटसरूने त्यांच्या नाकाला कांदा लावल्याचं गावात सांगत. ते मी पाहिलेलं नाही.

तज्ज्ञांचा शोध त्यांनी बसमधून सुरू केला. पाणी ज्याला कळतं तो माणूस पूल बांधतो, असं त्यांचं गणित होतं. म्हणून चांगला पूल शोधायचा आणि त्याचा बांधणारा पकडायचा. शहाद्याहून नंदुरबार, नंदुरबारहून विसरवाडी अशा एसटीच्या गाड्यांतून ते हिंडत, आणि मोरी किंवा पूल आला की गाडी थांबवायला लावून खाली उतरत. विसरवाडीच्या रस्त्यावरचा हा प्रसंग मला त्या गाडीच्या कंडक्टरने सांगितला.

"सेक्रेटरी, आते कोनता पूल शे?" कंडक्टरने विचारलं. "गाडीले उशीर व्हई ऱ्हायना."

"दोन मिनिट, भो."

"मांगला पुलले बी दोन मिनिटच व्हतात."

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "जाऊ द्या त्याले. पुलले सासुरवाडी समजस तो."

गाडी हसली. सेक्रेटरी उतरताना वळून म्हणाले, "वरतून सर्वाच पूल चांगला दिखतस. खाले उतरीसन देखा, मंग हासा." आणि धोतर खोचून ते पुलाखाली गेले. पुलाच्या ज्या बाजूने पाणी बाहेर पडतं, त्या बाजूला जमिनीत खड्डा पडलेला असला तर पूल नापास. खड्डा नसला, गवत असलं, तर पास. पास झालेल्या पुलाच्या कठड्यावरची कोनशिला ते वहीत उतरून घेत. या कामात त्यांची एक अडचण झाली, ती त्यांनी मला चिडून सांगितली: कोनशिलेवर नाव मंत्र्यांचं असतं.

"मी मंत्रीले पत्र लिखू का?" ते म्हणाले. "की साहेब, पूल चांगला शे, बांधा कोनी ते कळवा?"

मी लिहून दिलं. उत्तर आलं नाही.

दुसरा मार्ग त्यांना शहाद्याच्या डाक बंगल्यात सापडला. तिथले खानसामा चाचा शहरातल्या जुन्या मुसलमान घरातले होते. बंगल्यात उतरणाऱ्या प्रत्येक इंजिनियरचे, ओव्हरसियरचे, अधिकाऱ्याचे बूट रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर येत. सेक्रेटरी आठवड्यातून एकदा ओट्यावर बसून चाचांकडून अहवाल घेत.

"परसों जो साब आए थे," चाचा सांगत, "उनके बूट तो दूल्हे के माफिक थे. धूल भी नहीं लगी."

"काम कसानं व्हतं?"

"बोले, नदी की पाहणी करने आए हैं."

सेक्रेटरी वही काढत. वहीत प्रत्येक माणसाला एक पान होतं, आणि पानावर पाच गोष्टी: नाव. पदवी. बूट. खालच्याचं म्हणणं. शेरा. चौथी गोष्ट त्यांची स्वतःची होती. एखाद्या तज्ज्ञाने कुठे बांध घातला असेल, तर ज्याच्या वावरात तो बांध आहे त्याला ते कधी विचारत नसत. त्याच्या उताराला ज्याचं वावर आहे, त्याच्याकडे जात. "बांधवाला खुशच ऱ्हास," ते म्हणत. "त्यानं पानी आडेल ऱ्हास. आडेल पानी पुढे कोनाकडे गयं, ते खालचाले माहीत." या एका प्रश्नासाठी त्यांनी तीन तालुके पायी आणि बसने पालथे घातले. लोक त्यांना वेडं म्हणत. पण घरी आले की भाकरी दिल्याशिवाय जाऊ देत नसत.

या सगळ्यातून तीन नावं निघाली. तिघांनाही मी मंडळीतर्फे इंग्रजीत पत्रं लिहिली. जमनामायच्या विहिरीचा उल्लेख प्रत्येक पत्रात होता. प्रत्येक पत्राच्या शेवटी सेक्रेटरींनी एक ओळ घालायला लावली: येताना कृपया जुने बूट आणावेत.

पहिले गृहस्थ पुण्याहून आले. परदेशात शिकलेले होते. बूट नवे होते. पाहुणा आला की सेक्रेटरी त्याला आधी जेवायला बसवत, आणि जेवणात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी व लाल मिरचीची कोरडी चटणी मुद्दाम वाढत. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं की प्रश्न विचारत. तोंड भाजलेला माणूस उत्तर सजवत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्याच्या गृहस्थांना त्यांनी विचारलं, घळ का वाढते? ते म्हणाले, "पाणी… पाणी द्या." सेक्रेटरींनी हे उत्तर वहीत लिहून घेतलं आणि उत्तर बरोबर आहे असा शेराही दिला. वावरात गेल्यावर मात्र गृहस्थांनी मातीवर पालथं पडायला नकार दिला. ते उभ्यानेच उतार सांगू लागले. सेक्रेटरींनी बाटली ठेवली. पाणी उलट्या बाजूला झुकलं. गृहस्थ दुपारच्या गाडीने गेले.

दुसरे एक निवृत्त ओव्हरसियर होते. त्यांचं नाव चाचांनी सुचवलं होतं, बूट उत्तम चिखलाचे होते. त्यांनी घळ पाहिली आणि दगडी भिंत सांगितली. विहिरीभोवती भिंत, घळीत भिंत, गाडीवाटेला भिंत. सेक्रेटरींनी त्यांनी आधी काम केलेल्या गावी जाऊन खालच्याला विचारलं. तिथेही भिंतच होती. पाणी तिला वळसा घालून गेलं होतं.

तिसरे मुंबईचे. त्यांचं पत्र इतकं सुरेख होतं की सेक्रेटरींना संशय आला. ते आल्यावर सेक्रेटरींनी त्यांना आमच्या घळीकडे नेलंच नाही. शेजारच्या गावाच्या पडीक रानातली एक घळ दाखवली. गृहस्थांनी ती पाहिली, टोपी काढून वारा घेतला, दोन फोटो काढले आणि अर्ध्या तासात परतले. तीन आठवड्यांनी त्यांचा अकरा पानी अहवाल आला. इंग्रजी मी वाचलं, मराठी अर्थ सांगितला. सहाव्या पानावर होतं: घळीच्या तोंडाशी असलेल्या विहिरीची आम्ही समक्ष तपासणी केली.

"आखो वाचा," सेक्रेटरी म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी ते मंडळीच्या सभासदांना बोलावून तिसऱ्यांदा वाचायला लावलं. त्या पडीक रानात विहीर नव्हती, कधीच नव्हती. सगळे हसत असताना त्यांनी माझ्याकडून उत्तर लिहवून घेतलं: आभारी आहोत, आपण तपासलेल्या विहिरीत पाणी किती खोलीवर लागलं ते कळवल्यास उपकार होतील. परतीच्या टपालाने उत्तर आलं. बावीस फूट.

ही बातमी मी साप्ताहिकाला पाठवली. संपादकांनी छापली नाही. गृहस्थांचे नातेवाईक धुळ्यात आहेत, असं कारण दिलं.

या विनोदात साठ सालचा हिवाळा गेला. जमनामाय एका सकाळी सेक्रेटरींच्या ओट्यापाशी आल्या आणि उभ्यानेच बोलल्या. "सेकटरी, तुन्हा साहेबलोकसनी जत्रा व्हई गई व्हई तर सांग. मी भांडा बांधाले लागस." सेक्रेटरी त्या वेळी अहवालातली बावीस फुटांची ओळ कोणाला तरी ऐकवत होते. ते थांबले. त्यांनी अहवालाची गुंडाळी केली. त्यानंतर तो अहवाल गावात कोणी ऐकला नाही.

चौथा माणूस त्यांना कोनशिलेवर सापडला नाही, बुटांतही नाही. नंदुरबारच्या बाहेर रेल्वेच्या रुळांखाली एक छोटी मोरी होती. रेल्वेच्या मोऱ्यांवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. सेक्रेटरी रीतीप्रमाणे खाली उतरले. त्या दिवशी मी सोबत होतो. मोरीतून पाणी ज्या बाजूला पडायचं तिथे खड्डा नव्हता. गुडघाभर गवत होतं आणि गवतात एक बकरी चरत होती. रुळावर गँगचे दोन मजूर होते. सेक्रेटरींनी ओरडून विचारलं, ही कोणी बांधली?

"म्हातारा साहेबनी," एक जण म्हणाला. "पावसामा छत्री लिसन आठे बसे. दिनभर पानी देखे. आम्हले वाटे, येडा शे."

"आते कोठे शे?"

"गावमाच शे. रिटायर व्हयेल शे. अजून बी येस कधीमधी, मोरी देखाले."

सेक्रेटरी गवतातून वर आले. मग मला म्हणाले, "याले पत्र नको. आपन जाऊ."

रेल्वेवाले साहेब नंदुरबारला दोन खोल्यांत एकटे राहत. इंजिनियरिंगची पदविका होती, तिचा कागद भिंतीवर लावलेला होता. कचेरीची अट त्याने पुरी होत होती. त्यांनी आमचं म्हणणं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "खाली कोण राहतं?" सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. वही काढायला ते खिशात हात घालून थांबले आणि हात तसाच बाहेर काढला.

साहेब एप्रिलच्या शेवटी आले. बुटांची जोडी नाड्यांनी बांधून गळ्यात अडकवलेली, पाय अनवाणी. कळण्याची भाकरी आणि चटणी त्यांनी शांतपणे खाल्ली आणि चटणी पुन्हा मागितली. सेक्रेटरींना प्रश्न विचारायची संधीच मिळाली नाही. तरीही सवय सुटेना. त्यांनी साहेबांनाही आधी पडीक रानातल्या त्या दुसऱ्या घळीवर नेलं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं.

"तुम्ही विहीर म्हणाला होता," ते म्हणाले. "इथे विहीर नाही."

सेक्रेटरी इतके खूश झाले की त्यांनी तिथेच साहेबांना नमस्कार केला.

खऱ्या घळीवर जायच्या वाटेत सेक्रेटरींचं स्वतःचं वावर लागे. तिथे त्यांच्या वडिलांनी घातलेला मोठा बांध होता. म्हाताऱ्याने तो पाच उन्हाळे स्वतः टोपल्या वाहून घातला होता. त्याच्या जोरावर सेक्रेटरींची केळी उभी होती. पाहुण्याला ते या बांधावर चढायच्या आधी बूट काढायला सांगत. साहेबांचे बूट गळ्यात होते. ते बांधावर चढले, टोकापर्यंत चालत गेले, आणि कोपऱ्यातल्या सांडव्यापाशी, म्हणजे जादा पाणी बाहेर जायला ठेवलेल्या वाटेपाशी, थांबले. न सांगता मातीवर पालथे पडले. गाल लावला, डोळा मिटला. सेक्रेटरी शेजारी उभे राहून पाहत होते, आणि त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला तितका आनंदी पुन्हा कधी पाहिला नाही.

साहेब उठले, काही न बोलता सांडव्यातून खाली उतरले आणि गाडीवाटेने चालू लागले. गाडीवाट थेट जमनामायच्या वावराला जात होती. जमनामाय विहिरीवर होत्या. साहेबांनी घळ नंतर पाहिली. आधी त्यांना विचारलं.

"बाई, ही घळ कधीपासून पुढे येतेय?"

जमनामायनी घागर खाली ठेवली. "नाला तर मी नवरी व्हईसन उनू तवयपासूनच शे. पन तो तठेच बठेल व्हता. सेकटरीना बापनी बांध घाला, तवयपासून चालाले लागना."

मोठ्या पावसात त्या गाडीवाटेला कोणी फिरकत नसे. सांडव्यातून निघालेलं सगळं पाणी वाटेने एकाच धारेत खाली येतं, हे पाहायला तिथे एकट्या जमनामाय असत.

"भाबी," सेक्रेटरी म्हणाले, "इतला वरीस तू बोलनी नही?"

"तू सर्वा मुलूखले इचारत फिरना," जमनामाय म्हणाल्या. "मले कवय इचारं?"

त्यानंतर अकरा दिवस सेक्रेटरी मंडळीच्या कामाला आले नाहीत. मधे एकदा शहाद्याला माझ्याकडे येऊन बसले आणि म्हणाले, पाचव्या तज्ज्ञाला पत्र लिहायचं आहे. मी कागद घेतला. 'प्रिय महोदय' लिहिलं. पत्ता विचारला. ते "ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि उठून गेले. कागद माझ्याकडे बरेच दिवस होता.

गावात गेलो तेव्हा कळलं, ते रोज सकाळी गाडीवाटेवर असतात. मी तिथे गेलो. सांडव्यापासून दर दहा पावलांवर ते बाटली आडवी ठेवत होते, वाकून पाहत होते, उचलून पुढे जात होते. असे ते जमनामायच्या विहिरीपर्यंत आले. जमनामाय मिरचीच्या रोपांना पाणी देत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सेकटरी, बाटलीमा काय दिखस?"

"पानी."

"कोनती बाजूले झुकस?"

"तुन्ह्याच बाजूले, भाबी."

त्या पुढच्या वाफ्याकडे वळल्या.

सभा शाळेच्या ओसरीवर सकाळी आठ वाजता भरली. पंधराही सभासद आले होते, रेल्वेवाले साहेबही होते. जमनामाय ओसरीच्या पायरीशी उभ्या होत्या. त्यांना बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. सेक्रेटरींनी वही उघडली. नेहमीप्रमाणे घसा खाकरला. मग वडिलांचं नाव घेतलं.

"पदवी," त्यांनी वाचलं, "मराठी दुसरी. बूट: जन्मात घातले नाहीत, चिखल भरपूर. खालच्याचं म्हणणं: विहिरीपाशी सतरा पावलं उरली. शेरा: नापास."

ओसरीवर कुजबुज झाली. एक वयस्क सभासद म्हणाले, "सेक्रेटरी, बापले कोनी नापास करस का?"

"तपासनारानी नातं देखानं नही ऱ्हास."

"आनि बांध फोडा तर तुन्ही केळी?"

"मन्ही केळी गई तर कापूस लावसू," सेक्रेटरी म्हणाले. "भाबीनी इहीर गई तर ती काय लावी?"

पायरीवरून जमनामाय बोलल्या. "म्हातारा मन्हा सासरासारखा व्हता. नापास नको लिखू, सेकटरी. मार्क कमी दे."

"वहीमा मार्कनी जागाच नही, भाबी."

काही जण हसले. सेक्रेटरीही हसले असावेत. त्यांचं तोंड वहीत होतं. मग साहेबांनी खडूने फळ्यावर आराखडा काढून दाखवला. बांध पाडायचा नव्हता. एका सांडव्याऐवजी पाच ठिकाणी तो रुंद आणि उथळ कापायचा, कापलेल्या जागी दगड बसवून गवत लावायचं, म्हणजे एका धारेने जाणारं पाणी पसरून जाईल. गाडीवाटेवर आडव्या ताली, म्हणजे मातीचे हलके उंचवटे, टाकायच्या. घळीचं उभं तोंड उतरतं करायचं, आत दगडांचे बुटके अडसर घालायचे. केळीला पूर्वीइतकं पाणी राहणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. आराखड्यावर सही केली. कचेरीला तो पोचला, पण मदत त्या वर्षी आली नाही. मंडळीने गावातल्या हातांनी काम केलं.

पहिला काप सेक्रेटरींनी स्वतः घेतला, असं लिहायचा मला मोह झाला होता. तसं घडलं नाही. ते त्या सकाळी कोट घालून बांधाच्या टोकाला उभे होते आणि दोन वेळा म्हणाले, "सरळ कापा, म्हाताराले वाकडं चालत नव्हतं." कुदळ त्यांनी पाचव्या कापाला घेतली.

मिरगाच्या आधी काम संपलं. जुलैत दोन मोठे पाऊस झाले. दोन्ही वेळा रेल्वेवाले साहेब छत्री घेऊन बांधावर बसले होते. दुसऱ्या वेळी त्यांच्या छत्रीखाली सेक्रेटरीही होते. दोघं काय बोलले ते कळलं नाही, जमनामायच्या म्हणण्याप्रमाणे काहीच बोलले नाहीत, पाणी बघत बसले होते, "दोन येडा."

त्या वर्षी सेक्रेटरींची केळी अर्ध्याच वावरात उभी राहिली. उरलेल्या अर्ध्यात त्यांनी कापूस लावला. आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणी येऊ लागली: आम्हालाही माणूस शोधून द्या. ते जात. कोणाच्याही गावी गेले की आधी यजमानाचं घर टाळून उताराच्या शेवटच्या वावराकडे चालू लागत, आणि यजमान मागून धावत. साप्ताहिकात त्या घळीची बातमी तालुका वार्तांच्या सदरात चार ओळींत आली. वडिलांचा भाग संपादकांनी काढला होता.

दसऱ्यानंतर सेक्रेटरींनी अंतर मोजलं. सतरा पावलं भरली. रेल्वेवाल्या साहेबांनी पावलांवर विश्वास ठेवला नाही. त्यांनी मे महिन्यात टेपने घेतलेलं माप काढलं आणि पुन्हा टेप लावली. दोन्ही मापं जुळली.

त्या दिवाळीला जमनामायची लेक निझरहून माहेरी आली. ती नऊ दिवस राहिली. परत जाताना तिच्या गाडीत केळीचे दोन घड आणि वांग्यांची एक पाटी होती. दोन्ही जमनामायच्या वावरातली होती.